यशिका, हॅसलब्लाड की आरबी६७? तुम्ही कुठे चुकता त्यावर ठरवा

भाच्याने विचारलं, "मावशी, मिडियम फॉरमॅट घ्यायचाय. कोणता घेऊ?" मी म्हटलं, "तू फोटो काढताना गडबडतोस कुठे ते आधी सांग." त्याला वाटलं मी टाळतेय. पण खरंच, या मोठ्या निगेटिव्हच्या फिल्म कॅमेऱ्यांमध्ये निवड करायची तर लेन्सच्या धारदारपणावर वाद घालून काही हाती लागत नाही. तिघांच्याही लेन्स आपल्या गरजेपेक्षा चांगल्या आहेत. फरक आहे तो हाताच्या सवयीत. प्रत्येक कॅमेरा एखादी चूक होऊच देत नाही आणि दुसरी एखादी बिनबोभाट होऊ देतो.

तुलनेसाठी तीनच घेतले आहेत: यशिका-मॅट १२४जी, हॅसलब्लाड ५००सी/एम आणि मामिया आरबी६७ प्रो-एस. तिन्ही १९७०च्या दशकातले, तिघांचंही उत्पादन कधीच बंद झालंय, म्हणजे जे मिळेल ते सेकंडहँड. यशिका माझी स्वतःची. आरबीही माझाच. हॅसलब्लाड एका मैत्रिणीचा, दोन हिवाळे माझ्याकडे राहून गेला.

आकड्यांचं पटकन उरकू

तिघांनाही एकच फिल्म लागते, १२०चा रोल. आपले जुने स्टुडिओवाले 'वन-ट्वेंटी' म्हणतात तो. कोडॅकने तो १९०१ साली आणला आणि अजून मिळतो, यातच त्याचं मोठेपण आलं. ३५ मिमीची निगेटिव्ह २४ बाय ३६ मिमी असते. यशिका आणि हॅसलब्लाड ५६ बाय ५६ चा चौकोन देतात, म्हणजे क्षेत्रफळ साडेतीन पटींहून जास्त. आरबी ५६ बाय जवळपास ७० देतो, साधारण साडेचार पट. पहिल्या दोघांत एका रोलला १२ फोटो, आरबीत १०.

रोल, धुलाई आणि स्कॅनिंग मिळून २,००० रुपये धरले (आकडा फक्त हिशोब सोपा जावा म्हणून), तर चौकोनी फोटो १६७ रुपयांना पडतो आणि आरबीचा २००ला. शटर दाबताना हा आकडा डोक्यात येतोच, कितीही नाही म्हटलं तरी. माझ्या भिंतीवर बारा इंची प्रिंट आहेत. त्यातली कोणती कुठल्या कॅमेऱ्याची, हे मलाही मागे लिहिलेलं वाचल्याशिवाय सांगता येत नाही.

रोल भरताना

नवख्याची पहिली परीक्षा इथे. १२०च्या रोलला डबी नसते. फिल्मच्या पाठीला कागद असतो आणि प्रकाशापासून तोच तिला वाचवतो. रोल संपला की रिकामी झालेली रीळ दुसऱ्या बाजूला लावायची, पुढचा रोल तिच्यावर गुंडाळला जातो. त्यामुळे दुकानातून कॅमेरा आणताना आत एक रिकामी रीळ आहे ना, ते बघा. नसली तर पहिल्याच दिवशी हात बांधले.

यशिका इथे सगळ्यात सोपी. मागचं झाकण उघडा, नवा रोल खाली, रिकामी रीळ वर. कागदाचं टोक वरच्या रिळाच्या खाचेत घाला, कागदावरचा बाण खुणेशी येईपर्यंत क्रँक फिरवा, झाकण लावा आणि क्रँक आपणहून अडेपर्यंत फिरवत राहा. आकडा १ वर आला की झालं. एकच गोम आहे. आत फिल्म सपाट दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटला १२ आणि २४ फोटोंसाठी दोन जागा असतात. २४ची जागा २२०च्या रोलसाठी होती आणि तो रोल आता सहसा मिळत नाही. कॅमेरा आधी कुणी हाताळला असेल तर प्लेट १२वर आहे याची खात्री करून घ्या.

हॅसलब्लाडमध्ये मागची बॅक, म्हणजे फिल्म ठेवायचा डबा, वेगळी निघते आणि तिच्या पोटातून आणखी एक गाभा बाहेर येतो. फिल्म त्या गाभ्यावर चढवायची, तीही उलटा वळसा घालून, कागदाची काळी बाजू बाहेर ठेवून. पहिल्या खेपेला हमखास उलटी भरली जाते. मी भरली होती. बारा फोटो कागदाच्या पाठीवर काढले आणि धुतल्यावर स्वच्छ काचेसारखी फिल्म हातात आली. पण एकदा बसलं की ही बॅक म्हणजे चैन आहे: एकीत रंगीत, दुसरीत कृष्णधवल, आणि रोल अर्धा असताना अदलाबदल. विकत घेताना बॅक आणि गाभ्यावरचे शेवटचे तीन आकडे जुळतात का पाहा. जोडी मूळची असेल तर फोटोंमधलं अंतर सारखं राहण्याची शक्यता जास्त.

आरबीचीही बॅक निघते, पण भरायला सरळ आहे. त्याचं दुखणं वेगळं, आतल्या फोमच्या पट्ट्या. वर्षं गेली की त्या चिकट काळ्या लगद्यासारख्या होतात आणि कडेने प्रकाश शिरतो. बदलणं घरच्या घरी जमतं, एक रविवार जातो.

काचेत बघताना

तिन्ही कॅमेरे पोटाशी धरायचे आणि वरून काचेत बघायचं. मान खाली घातलेली बघून समोरचा माणूस सैलावतो. डोळ्याला लावलेल्या कॅमेऱ्यापुढे तो तसा सैलावत नाही. पण काचेत डावं-उजवं उलटं दिसतं. वारीत दिंडी डावीकडून उजवीकडे चाललेली असली तर काचेत ती उजवीकडून डावीकडे जाते, आणि तिच्यामागे कॅमेरा फिरवायला गेलात की तुम्ही नेमके उलट्या दिशेला वळता. दोन-तीन रोलनंतर हाताला कळतं. डोक्याला कधीच कळत नाही.

यशिकाला दोन लेन्स असतात, बघायची वर आणि फोटो काढणारी खाली. फोटोच्या क्षणीही काचेतलं चित्र अंधारत नाही, आवाज जेमतेम 'टिक्' एवढाच. देवळात, घरात, झोपलेल्या बाळाजवळ याहून सोयीचा कॅमेरा मी वापरलेला नाही. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांच्या हातात दिसणारा रोलायफ्लेक्स याच जातीचा, आणि आपल्याकडच्या लग्नांच्या जुन्या अल्बमांमध्ये जो चौकोनी फोटो दिसतो, त्यातले कितीतरी अशाच जोडलेन्सवाल्या कॅमेऱ्यांचे. तोटा उघड आहे: तुम्ही बघता एका लेन्समधून आणि फिल्म बघते दुसऱ्या. मीटरभर अंतरावरच्या चेहऱ्याला काचेत डोक्यावर जागा दिसते आणि फोटोत केस कापले जातात. खालच्या लेन्ससमोर पट्टा लोंबला तरी वर काही दिसत नाही.

हॅसलब्लाड आणि आरबीत एकच लेन्स, आरशातून दिसतं तेच फिल्मवर. मात्र फोटो निघाला की आरसा वरच राहतो आणि पुढच्या फोटोसाठी चावी किंवा दांडी फिरवेपर्यंत काच काळी. सुरुवातीला वाटतं कॅमेरा बिघडला.

पोर्ट्रेट उभं हवं तर चौकोनवाल्यांना प्रश्नच नाही, नंतर कापता येतं. आरबीत कॅमेरा आडवा-उभा करायचा नसतो, नुसती बॅक फिरवायची. नावातला 'आर' त्या फिरण्याचाच. ज्यांना ६ बाय ४.५ सेंमीची फ्रेम देणारे कॅमेरे स्वस्त वाटतात त्यांनी हे लक्षात घ्यावं. वरून बघायच्या काचेवर ते उभे धरले की तुम्हाला बाजूने वाकून डोकवावं लागतं, म्हणून त्यांना प्रिझम, म्हणजे डोळ्याला लावून बघायचा जोड, लावावाच लागतो.

शटर चढवताना आणि दाबताना

माझ्या मते खरा निर्णय इथे होतो.

यशिकात एकाच क्रँकने फिल्म पुढे जाते आणि शटरही चढतं, म्हणजे पुढच्या फोटोसाठी ताणून तयार होतं. चुकून एकावर एक फोटो येत नाही. विसरायला काही ठेवलेलंच नाही.

हॅसलब्लाडमध्येही एकच चावी, पण नियम कडक. बॅकसमोरची धातूची पट्टी, म्हणजे डार्क स्लाइड, आत असेल तर बटण दाबलंच जात नाही. बाहेर असेल तर बॅक निघत नाही. चांगला बंदोबस्त आहे. लेन्सच्या बाबतीत मात्र कॅमेरा तुमच्यावर सोपवून मोकळा होतो: लेन्स काढता-लावताना कॅमेऱ्याचं शरीर आणि लेन्स दोन्ही चढलेले हवेत. एक चढलेलं आणि एक उतरलेलं जोडलं की कॅमेरा अडकतो आणि मग मागून स्क्रू ड्रायव्हर घालून लेन्स चढवायची कसरत. ती पहिल्यांदा स्वतः करू नका. दुसरी खोच लांब एक्स्पोजरची. बटण सोडलं की मागची झडप मिटते, त्यामुळे १/८ किंवा त्याहून संथ वेगाला शटर पूर्ण होईस्तोवर बटण दाबून धरायचं. ही गोष्ट आधी कुणी सांगितली नाही तर तुम्ही महिनाभर फोटो काळपट का येतात याचा शोध घेत बसाल.

आरबीत दोन कामं दोन दांड्यांना दिली आहेत. बाजूची मोठी दांडी आरसा आणि शटर चढवते, बॅकवरची छोटी फिल्म पुढे नेते. एक केलं, दुसरं राहिलं, हे आरबीवाल्यांचं रोजचं. प्रो-एस दुहेरी एक्स्पोजर अडवतो, पहिला प्रो अडवत नाही, म्हणून घेताना नाव नीट वाचा. शिवाय लेन्सवर आरसा आधी उचलण्याची एक कळ आहे. ती त्या जागेवर विसरली तर कॅमेऱ्याचं बटण नुसता आरसा उचलतं, शटर उघडतच नाही. खणखणीत आवाज येतो, तुम्ही खूश होता आणि फिल्मवर काहीच नसतं. माझा एक अख्खा रोल असा गेला आहे.

मग आरबी ठेवायचा कशाला? स्टुडिओसाठी. एका जागी, तिपायावर, समोर बसलेला माणूस आणि हाताशी वेळ असेल तर या संथपणाचा जाच होत नाही. लेन्समागचा घडीदार भाता पुढे सरकवून फोकस होतो, त्यामुळे दागिना, फूल, म्हाताऱ्या आजीचा हात अगदी जवळून घेता येतो. भाता किती ताणला त्यानुसार प्रकाश किती वाढवायचा याचा तक्ता कॅमेऱ्याच्या अंगावरच छापलेला असतो.

प्रकाश मोजताना

हॅसलब्लाड आणि आरबीत मीटर नाही. यशिकात आहे, वरचं झाकण (हूड) उघडलं की चालू होतो, पण तो पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या सेलवर बेतलेला आणि ते सेल आता मिळत नाहीत. श्रवणयंत्राचे झिंक-एअर सेल जवळपास त्याच व्होल्टेजचे असतात, जुळवून बसतात. मी मात्र त्या मीटरवर विसंबत नाही, फोनवरचं अॅप किंवा हातात धरायचा मीटर बरा. भर उन्हात लेन्सचं छिद्र एफ १६ आणि वेग फिल्मच्या आयएसओएवढा (१००ची फिल्म तर १/१०० सेकंदाच्या आसपास), हे पाठ केलं तरी मे महिन्यात निभावतं. एक अडचण: यशिका आणि हॅसलब्लाडचा वेग १/५००ला संपतो, आरबीचा १/४००ला. उन्हात ४००ची फिल्म घालून, छिद्र मोठं उघडून मागचं धूसर करायचं स्वप्न असेल तर हा वेग पुरत नाही, १००ची घ्या.

वजन

यशिका किलोच्या थोडी वर. हॅसलब्लाड लेन्स-बॅकसकट दीड किलोच्या आसपास. आरबी अडीच किलोच्या पुढे, आणि त्याला शोभेल असा तिपाई वेगळा. पाचनईच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर मी तो एकदा नेला. कोकणकड्यावर पोचेपर्यंत सूर्य उगवून गेला होता. त्यानंतर गडावर यशिका.

घेताना तपासायचं ते

तिघांतही एक सेकंदाचा वेग ऐका. अडखळला किंवा लांबला तर शटरला सफाई हवी, तो खर्च किमतीत धरा. लेन्समधून टॉर्च मारून बघा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी धरतेच, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. आरबीच्या भात्यात अंधाऱ्या खोलीत टॉर्च घालून कोपरे बघा, ठिपक्याएवढा उजेड दिसला तरी भोक आहे. यशिकाचा क्रँक खडखडता नको. हॅसलब्लाड तिघांत सर्वात महाग, आणि दुरुस्तीही त्याच मापाने.

तर: माणसांत, प्रवासात, एकच कॅमेरा ठेवायचा असेल तर यशिका. तिची लेन्स बदलत नाही, ८० मिमीवरच समाधान मानावं लागतं. निम्म्या लोकांना ते बरंच पडतं. घरात किंवा स्टुडिओत पोर्ट्रेट, दागिने, वस्तू काढायच्या असतील आणि पैसे मोजके असतील तर आरबी. हॅसलब्लाड त्याच्यासाठी ज्याला लेन्स आणि बॅका बदलत काम करायचंय आणि जो नियम पाळणारा आहे. विसरभोळ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. केवळ तो चंद्रावर गेला म्हणून घेणार असाल तर चंद्रावरचा मॉडेल वेगळा होता, मोटरवाला, खास बदल केलेला.

भाच्याला मी फुकट गेलेला एक रोल दिला आणि तिन्ही कॅमेऱ्यांत दहा-दहा वेळा भरायला लावला. यशिका घेऊन गेला. पहिल्या रोलवर अकरा फोटो छान आले. बाराव्यावर खालच्या कोपऱ्यात त्याचं स्वतःचं बोट आहे, धूसर आणि भलंमोठं. तो अजून म्हणतो की काचेत ते नव्हतं.