घरी बांधलेल्या गाडीच्या टाकीला रिटर्न पाइप द्यावा की नाही?

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात मापावर पत्र्याची टाकी बनवून घेणे अवघड नाही. अवघड असते ते तिला किती भोके पाडायची आणि कोठे, हे वेल्डरला सांगणे. जुन्या गाडीचे एमपीएफआय इंजिन (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल देणारे) आणि तिचाच ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, घेऊन गाडी बांधणाऱ्यासमोर दोन मार्ग असतात. पेट्रोलचा दाब ठरवणारा रेग्युलेटर इंजिनाजवळ ठेवून उरलेले पेट्रोल दुसऱ्या पाइपने टाकीत परत आणता येते, किंवा रेग्युलेटर टाकीतच पंपाशेजारी बसवून पुढे एकच पाइप नेता येतो.

पहिल्या पद्धतीत पंप इंजिनाची गरज पाहून चालत नाही. ताशी १०० लिटरचा पंप धरला, तर ४५ किलोवॉटचे इंजिन पूर्ण ताकदीवर त्यातले साधारण १८ लिटर घेते, आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसते चालू असताना, जेमतेम एक. बाकी सगळे परत येते. म्हणजे ३० लिटरची टाकी वीसेक मिनिटांत एकदा इंजिनाकडे फिरून येते. त्यामुळे रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, ताजे पेट्रोल खेळते राहते आणि तापलेले इंजिन पुन्हा सुरू करताना वाफेचे बुडबुडे वाहून जातात. मात्र तेच पेट्रोल बॉनेटखालची उष्णता टाकीत आणते, आणि एप्रिलच्या दुपारी टाकी पाव भरलेली असेल तर पंपाच्या तोंडाशीच वाफ धरू लागते.

एकच पाइप असला की ही उष्णता मागे येत नाही आणि गळू शकणारे जोडही कमी होतात. दिसायला हा मार्ग सुटसुटीत आहे, पण माझ्या मते निवड सुटसुटीतपणावर करू नये. ती ईसीयूवर करावी. इंजिनाजवळचा रेग्युलेटर मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) व्हॅक्यूमनुसार रेलचा दाब हलवतो, म्हणून इंजेक्टरच्या दोन बाजूंमधला फरक साधारण ३ बार इतकाच टिकतो. हे गृहीत धरणाऱ्या ईसीयूला टाकीतून स्थिर ३ बार दिले, तर आयडलिंगला तो फरक ३.६ च्या आसपास जातो आणि पेट्रोल सुमारे दहा टक्के जास्त पडते. धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर ते काही अंशी सांभाळून घेईल, पण मुळात त्याच्यावर हे ओझे का टाकावे? मूळ गाडीत जी पद्धत होती तीच घ्यावी.

रिटर्न घ्यायचा ठरला, तर त्याचे तोंड कोठे उघडते याला सर्वाधिक महत्त्व आहे. आमच्या पहिल्या टाकीत तो वरच्या पत्र्यालाच जोडला होता. ट्रॅकवर पेट्रोल कमी असताना इंजिन प्रत्येक डाव्या वळणावर मिसिंग करू लागले, म्हणून झाकण उघडून पाहिले, तर गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर पेल्यात धार पडताना येतो तसा फेस आत दिसला. आता पंप दोनेक लिटरच्या, तळाशी बारीक भोके असलेल्या डब्यात बसवला आहे. रिटर्न त्याच डब्यात, पण पंपाच्या जाळीपासून दूर, पेट्रोलखाली सोडला आहे. बुडवलेला पाइप बाहेर तुटला तर टाकी उलटी उपसली जाऊ नये, म्हणून त्याला टाकीच्या आत अगदी वर एक बारीक छिद्र ठेवले आहे.

रिटर्न अरुंद नको. जाण्याचा पाइप ८ मिलिमीटरचा असेल तर येण्याचाही तेवढाच ठेवावा. इंजिन आयडलिंगवर ठेवून रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढावी, तिचे तोंड बंद करावे आणि गेज पाहावा. ठरलेल्या दाबापेक्षा काटा वर राहिला, तर रिटर्न तुंबतो आहे असे बहुधा समजावे. नळ्या मात्र दोन्ही पद्धतींत ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेले) पेट्रोल सोसणाऱ्याच हव्यात. जुने रबर त्यात फुगते.

मूळ गाडी एका पाइपची असेल, तर तिचा पंप-मॉड्यूल अखंड उचलून आणावा आणि टाकीची उंची त्याच्या उंचीवरून ठरवावी. टाकी आधी आणि मॉड्यूल नंतर, असे केले की तो एकतर तळाला टेकत नाही किंवा झाकणच बसू देत नाही.