न हरवलेला करारनामा

नेरूळ येथील एका सोसायटीतील घराच्या खरेदीत माझे अकरा लाख रुपये अडकले आणि त्यांपैकी पाच लाख अद्याप सुटलेले नाहीत. हा अनुभव लिहिताना एक गोष्ट आरंभीच नमूद करतो. या व्यवहारात मला दाखवण्यात आलेला एकही कागद बनावट नव्हता. बनावट शिक्के, खोट्या सह्या, एकच घर चौघांना विकणे असे प्रकार ऐकून आपण सावध झालेलो असतो आणि मीही झालो होतो. म्हणूनच प्रत्येक कागद खरा निघत गेला तसतसा मी अधिकाधिक निर्धास्त होत गेलो.

२०२२ मध्ये आम्ही ठाण्यातील वर्तकनगरचे आमचे एका खोलीचे घर विकले. त्या वेळी आम्ही विक्रेते होतो आणि आमच्या ग्राहकाच्या वकिलाने मला अक्षरशः सळो की पळो करून सोडले होते. बिल्डरने पहिल्या मालकाशी केलेला मूळ करारनामा, त्याची नोंदणीची पावती, नंतरच्या प्रत्येक हस्तांतरणाचा मूळ दस्त, सोसायटीचे भागपत्र आणि आमचे जुने गृहकर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र हे सगळे त्याने टेबलावर मांडून घेतले. करारनाम्याच्या प्रत्येक पानावरचा ‘टनन’ असा ठाणे कार्यालयाचा संकेत, दस्त क्रमांक, वर्ष आणि पृष्ठसंख्या तो बोट ठेवून वाचत गेला. शिक्क्याची शाई खरी आहे की रंगीत झेरॉक्स आहे, हे पाहण्यासाठी पान उलटे करून मागच्या बाजूला उमटलेला दाबही त्याने चाचपला. घरी परतताना मी पत्नीला म्हणालो होतो की, हा माणूस घर घ्यायला आला आहे की आपली झडती घ्यायला, तेच कळत नाही. दोन महिन्यांनी मी स्वतः ग्राहक झालो तेव्हा यातले काहीही केले नाही.

नेरूळचे घर दलालामार्फत पाहिले. मुलीचे महाविद्यालय त्याच बाजूला होते, ठाण्याहून ट्रान्स-हार्बर मार्गाची गाडी सरळ येत होती आणि अडुसष्ट लाख ही किंमत त्या सेक्टरच्या मानाने थोडी कमी होती. ती कमी का, असे विचारल्यावर विक्रेत्याला पुण्याला मुलाकडे लवकर स्थायिक व्हायचे आहे, असे उत्तर मिळाले. “काका, पितृपक्ष लागायच्या आत टोकन देऊन टाका, नंतर पंधरा दिवस कोणी हात लावणार नाही आणि दसऱ्याला भाव चढेल,” असे दलालाने सुचवले. मी एक लाख रुपये टोकन दिले. पन्नास हजारांचा धनादेश विक्रेत्याच्या नावे आणि पन्नास हजार रोख दलालाच्या हातात. त्या रोख रकमेची पावती मी मागितली नाही.

मूळ करारनाम्याचा विषय निघाला तेव्हा विक्रेत्याने स्वतःहूनच सांगितले की, भाड्याच्या घरातून इकडे सामान हलवताना एक पेटी गहाळ झाली आणि तीत करारनामा होता. त्याने पोलिसांकडे ऑनलाइन केलेल्या हरवल्याच्या नोंदीची प्रत दिली. करारनामा हरवल्याची आणि पंधरा दिवसांत कोणाची हरकत असल्यास कळवण्याची जाहीर सूचना छापलेले वर्तमानपत्र दिले. दुय्यम निबंधक कार्यालयातून काढलेली करारनाम्याची प्रमाणित प्रत दिली. सोसायटीने थकबाकी नसल्याचे पत्र दिले. मी स्वतः नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च केला. त्यात विक्रेत्याच्या खरेदीनंतरचा एकही दस्त दिसला नाही. इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा अधिकृत गोषवारा, त्यावरील नाव, क्षेत्रफळ, दस्त क्रमांक सगळे जुळले. आणखी काय तपासायचे, असे मला वाटले.

प्रत्यक्षात तो करारनामा हरवलेला नव्हता. विक्रेत्याने २०१९ मध्ये तो एका सहकारी पतसंस्थेकडे ठेवून धंद्यासाठी कर्ज काढले होते आणि हप्ते थकवले होते.

हे मला दिसले कसे नाही, याचा उलगडा नंतर झाला आणि घर घेणाऱ्या प्रत्येकाने तो समजून घ्यावा असे मला वाटते. मूळ दस्त सावकाराकडे ठेवून कर्ज घेतले की कायद्याने ते गहाणच होते. त्यासाठी वेगळा गहाणखताचा दस्त नोंदवावा लागत नाही. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१३ पासून अशा गहाणाची ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’, म्हणजे गहाणाची माहिती देणारी सूचना, तीस दिवसांच्या आत दुय्यम निबंधकाकडे दाखल करणे बंधनकारक आहे, परंतु हे बंधन कर्ज घेणाऱ्यावर आहे. बँका ती आपल्यासमोर भरून घेतात. या पतसंस्थेने तो आग्रह धरला नाही आणि कर्जदाराने ती भरली नाही. त्यामुळे माझा शोध कोरा निघाला आणि तो कोरा निघणे नोंदींच्या दृष्टीने अगदी बरोबर होते. बँकांच्या तारणांची जी केंद्रीय नोंदणी असते, ज्याला सरसाई म्हणतात, तिथेही हे कर्ज नव्हते.

पोलिसांच्या नोंदीचे तसेच. ती केवळ अर्जदाराने दिलेली माहिती असते; ती वस्तू खरोखर हरवली आहे की नाही, याची चौकशी झालेली नसते. जाहीर सूचना ज्या वर्तमानपत्रात आली होती, ते नेरूळमधील एकाही स्टॉलवर मला कधी दिसले नाही. शिवाय ती सूचना विक्रेत्याने दिलेली होती आणि तिचा विषय हरवलेला करारनामा हा होता. घर खरेदी करणाऱ्याने आपल्या वकिलामार्फत खपाच्या वर्तमानपत्रात ‘या घरावर कोणाचे गहाण, बोजा वा हक्क असल्यास पुराव्यासह कळवावे’ अशी सूचना देणे, ही गोष्ट निराळी. तिला त्या पतसंस्थेने कदाचित उत्तर दिले असते.

सोसायटीच्या पत्राबाबत मात्र दोष पूर्णपणे माझा आहे. मी सचिवांना विचारले होते की देखभाल खर्चाची थकबाकी आहे का. नव्हती, म्हणून त्यांनी तसे लिहून दिले. या घरावर कर्ज घेण्यासाठी सोसायटीने कधी ना हरकत पत्र दिले आहे का, असे विचारले असते तर २०१९ सालचे पत्र त्यांच्या फाइलमध्येच होते. नंतर मी जरा रागाने त्यांना याबद्दल बोललो तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “तुम्ही जे विचारलंत ते आम्ही दिलं.” यावर मला उत्तर सुचले नाही. समोरच्या दारातील आजीबाईंनाही सगळे ठाऊक होते. “ते वसुलीवाले महिन्यातून दोनदा यायचे की. तुम्ही घर बघायला चारदा आलात, पण आमची बेल एकदाही वाजवली नाहीत,” असे त्या म्हणाल्या.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर आम्ही समजुतीचा करार केला, तो नोटरी केला आणि मी दहा लाख रुपये आरटीजीएसने विक्रेत्याच्या खात्यात भरले. नोंदणीकृत साठेकरार (पुढे विक्री करण्याचा करार) करण्याऐवजी हा मार्ग धरला, कारण सर्व अधिभार धरून सात टक्क्यांच्या हिशेबाने मुद्रांक शुल्कच पावणेपाच लाखांच्या घरात जात होते आणि ‘कर्ज मंजूर झाल्यावर एकदमच भरू’ हा दलालाचा सल्ला मला शहाणपणाचा वाटला. माझ्या बँकेच्या वकिलाने तीन आठवड्यांतच मूळ दस्त नसल्याने कर्ज देता येणार नाही, असा अभिप्राय दिला. पैसे भरण्याआधी बँकेत गेलो असतो तर हेच उत्तर मला फुकट मिळाले असते. दलालाने यावर दुसऱ्या एका वित्तसंस्थेचे नाव सुचवले आणि मी तिथेही अर्ज केला, हे सांगायला आज संकोच वाटतो.

डिसेंबरमध्ये खिडक्यांची मापे घेण्यासाठी सुताराला घेऊन गेलो असता दारावर जप्तीची नोटीस चिकटवलेली दिसली. पतसंस्थेने महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला, म्हणजे थकबाकी वसूल करण्याचा अधिकार देणारा आदेश, मिळवलेला होता आणि त्या कायद्याखालील नियमांपैकी नियम १०७ प्रमाणे पुढील कारवाई सुरू केली होती. नोटिशीवरील पत्त्यावर मी दुसऱ्याच दिवशी गेलो. वसुली अधिकाऱ्याने कपाटातून फाइल काढली आणि हिरव्या नाडीने बांधलेला तो करारनामा माझ्यासमोर ठेवला. स्टेपलची पिन गंजून पहिल्या पानावर तांबूस डाग पडला होता. माझ्याकडच्या प्रमाणित प्रतीत त्याच जागी एक काळपट ठिपका होता, जो मी झेरॉक्सचा दोष समजलो होतो. म्हणजे कार्यालयात स्कॅन झाला तेव्हापासूनच तो डाग होता. शिक्क्यांचा दाब मागच्या बाजूला बोटाला लागत होता.

पोलीस ठाण्यात प्रथम हा दिवाणी वाद आहे असे सांगण्यात आले. माझ्या वकिलांनी मग एक महत्त्वाची गोष्ट केली: कर्ज २०१९ चे आणि करारनामा हरवल्याची नोंद त्यानंतरची, हे दोन दाखले शेजारी ठेवून लेखी तक्रार दिली. करारनामा कुठे आहे हे ठाऊक असताना तो हरवल्याचे लिहून दिले, म्हणजे फसवण्याचा हेतू सुरुवातीपासून होता, हा मुद्दा त्यामुळे कागदावर आला. विक्रेता त्यानंतर तडजोडीला तयार झाला. दोन हप्त्यांत सहा लाख परत आले. साडेचार लाखांचा धनादेश खात्यात पैसे नसल्याने परत आला. अशा वेळी बँकेचा परतीचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत धनादेश देणाऱ्याला लेखी नोटीस पाठवावी लागते, ती त्याला मिळाल्यापासून पंधरा दिवसांची मुदत द्यावी लागते आणि ती संपल्यावर महिन्याभरात न्यायालयात तक्रार दाखल करावी लागते; यातली एकही तारीख चुकवू नये, कारण समोरची बाजू तेवढीच वाट पाहत असते. माझे खाते ठाण्यातील शाखेत असल्याने प्रकरण ठाण्यातच दाखल करता आले, एवढा हेलपाटा वाचला. दलालाला दिलेल्या रोख पन्नास हजारांचा मात्र कोणताही पुरावा नाही. “ते तर माझं कमिशन होतं,” असे तो आता म्हणतो.

दिलेल्या रकमेपुरता माझा त्या घरावर हक्क सांगता येईल का, हेही मी वकिलांना विचारले. मालमत्ता हस्तांतरण कायद्यात खरेदीदाराने आगाऊ दिलेल्या रकमेचा बोजा मालमत्तेवर धरला जातो खरा, पण पतसंस्थेचे गहाण माझ्या तीन वर्षे आधीचे होते, त्यामुळे रांगेत मी मागे होतो आणि लिलावाची रक्कम त्यांच्या थकबाकीलाच पुरली नाही.

सध्या आम्ही कळव्यात भाड्याने राहतो. गेल्या महिन्यात ऐरोलीला एक घर पाहिले. बोलणी सुरू होण्याआधीच मी मूळ करारनामा आणि नोंदणीची पावती पाहायला मागितली, तेव्हा घरमालकीणबाईंच्या कपाळावर आठी पडली आणि त्या आत जाऊन प्लास्टिकची पिशवी घेऊन आल्या. मी खिडकीपाशी बसून पाने उलटी करून पाहत असताना त्या स्वयंपाकघरात आपल्या यजमानांना हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या. काय म्हणाल्या असतील, याचा मला साधारण अंदाज आहे.