लॅबच्या पिल्लासाठी रॉयल कॅनिन मॅक्सी पपी, आमचा अनुभव

आमचं लॅबचं, म्हणजे लॅब्राडोर कुत्र्याचं, पिल्लू आता साडेपाच महिन्यांचं झालंय, गेले तीन महिने त्याला हेच ड्राय फूड (कोरडं, दाणेदार खाणं) चालू आहे. आधी एका दुकानातून सुटं, किलोवर मिळणारं फूड आणलं होतं, पिशवीवर ना घटक ना तारीख, आठवड्यात पोट बिघडलं, रात्री दोन-तीनदा खाली न्यावं लागायचं, बिचारं पार मलूल पडलं होतं. मग डॉक्टरांनी पाकीट कसं वाचायचं ते दाखवलं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, त्यामुळे सुरुवातीलाच मांस-चिकनचं नाव दिसायला हवं, आणि पिल्लाच्या ड्राय फूडमध्ये प्रोटीन २२ टक्क्यांच्या वर हवं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मोठ्या जातीच्या पिल्लाला कॅल्शियम जास्त झालं तर हाडं-सांधे बिघडतात, म्हणून चांगलं फूड चालू असताना वरून कॅल्शियमचं सिरप द्यायचं नाही! आमच्याकडे तर येणारा प्रत्येकजण "वाढतं वय आहे, कॅल्शियम द्या" म्हणायचा.

हे फूड मोठ्या जातींसाठी, २ ते १५ महिन्यांपर्यंतचं आहे. आठ दिवस जुन्यात थोडं थोडं मिसळत बदललं. सुरुवातीला कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून द्यायचो, दाणे फुगून मऊ झाले की वाटी चाटूनपुसून साफ. पंधरा दिवसांत शी घट्ट व्हायला लागली, केसांना चमक आली.

महाग आहे, ते खरंच जाणवतं. पण छोटं पाकीट घेऊन बघा, आणि पाकिटावरच्या तक्त्याप्रमाणे वजन करूनच द्या, लॅब कितीही दिलं तरी खातच राहतो.