भजनी मंडळासाठी मिरजेचा तानपुरा

पेटी असताना तानपुरा कशाला, असं प्रत्येक मंडळात कुणीतरी विचारतंच. पेटी चाल दाखवते, पण पेटीवाला ओळ वाजवत पुढं जातो आणि मागची रांग हळूहळू सुरातनं उतरते. तानपुऱ्याचा षड्ज, म्हणजे ‘सा’, अखंड कानावर असतो, त्यामुळं उतरलेलं लगेच कळतं. वीस-पंचवीस गळे एका सुरात आणणं हाच मंडळाचा उद्देश असेल तर हे वाद्य हवंच.

मिरजेत तानपुरे बनवायचं काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालतं. ते सुरू करणारे फरीदसाहेब सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या घरातले. याच गावात गवई बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ ला लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं आणि सामान्यांच्या पोरांना वर्गात बसवून गाणं शिकवलं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. तरी शिक्का बघून वाद्य घेऊ नये, कानानं घ्यावं.

आधी मंडळाची पट्टी, म्हणजे पेटीची कुठली काळी किंवा पांढरी पट्टी ‘सा’ धरायची ते, ठरवा, मग दुकानात जा. बायकांच्या मंडळाला काळी चार-पाचचा लहान, जनानी तानपुरा, पुरुषांना काळी एक-दोनचा मोठा, साधारण पाच फुटी. अडचण मिश्र मंडळाची. पांढरी चारच्या आसपास तडजोड केली तर बायकांना खालचे सूर जड जातात आणि पुरुषांना वरचे, म्हणून चाली मध्य सप्तकात राहणाऱ्या निवडाव्यात. जनानी तानपुरा तसाच पांढरी चारपर्यंत उतरवला की तारा सैल पडून नाद मरतो. कारागिराला पट्टी सांगा, तो जाड तारा चढवून देतो.

दुकानात दांडी खुंट्यांच्या बाजूनं डोळा लावून बघा, बाक नको. भोपळा आणि गळ्याच्या जोडाला चीर नको. मग लावलेला तानपुरा दहा मिनिटं छेडत राहा. नव्या तारा ताणून थोड्या उतरतातच, पण खुंटी मागं सरकत असेल तर ती नीट बसवून घ्या. घरी कोरड्या हवेत खुंटी सुटली तर थोडी खडूची पूड पुरते. पावसाळ्यात लाकूड फुगून तीच खुंटी अडकते, तेव्हा जोर लावून पिरगाळू नका.

खरी परीक्षा जवारीची, म्हणजे घोडीच्या घासणीची. तारा ज्या पट्टीवर टेकतात ती घोडी वरून सपाट दिसते, पण अगदी किंचित उतरती घासलेली असते आणि तार तिला चाटत कंप पावते. तारेखालचा दोरा केसभर पुढंमागं सरकवला की एका जागी आवाज एकदम उघडतो. वर्ष-दोन वर्षांनी तारेची खाच पडते, मग दोरा कितीही सरकवा, आवाज बसलेलाच. तेव्हा घोडी पुन्हा घासून जवारी काढून घ्यायची, आणि तेही कारागिराकडूनच. घरी कानस लावून घोडी वाया घालवणारे कमी नाहीत.

लावताना आधी मधल्या दोन जोडीच्या तारा पेटीच्या षड्जाशी मिळवा, मग पंचम (‘प’), शेवटी खर्ज, म्हणजे खालच्या सप्तकातला ‘सा’, आणि बारीक फरक तारांतल्या मण्यांनी. इथं एक गोष्ट बहुतेक मंडळांच्या ध्यानात येत नाही. नीट लागलेल्या खर्जातून शुद्ध गंधार (‘ग’) आपोआप ऐकू येतो, आणि तो पेटीच्या गंधारापेक्षा जवळपास १४ सेंटनं (सेंट म्हणजे पेटीवरच्या शेजारच्या दोन सुरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) उतरा असतो. दोन्ही एकत्र वाजले की त्या सुरावर लाटा उठतात, आणि गाणाऱ्यांना वाटतं आपलंच चुकलं. उपाय साधा: पेटीवाल्यानं गंधारावर थांबू नये, तिथं गळ्यालाच जाऊ द्यावं. पंचमात फरक नगण्य आहे.

उणीव एकच मोठी, आवाज लहान. पखवाज आणि टाळ सुरू झाले की दुसऱ्या रांगेला तानपुरा ऐकू येत नाही. तालमीला अर्धवर्तुळात बसून तो मधे ठेवा. कार्यक्रमात तबलीसमोर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणासमोर, वीतभर अंतरावर माईक लावा. इलेक्ट्रॉनिक तानपुरा स्वस्त आहे आणि उतरत नाही, पण कान तयार करायला मिरजेचाच बरा. मात्र लावणारा एक माणूस नेमलेला नसेल तर घेऊ नका, खोळीतच राहील.

नेताना तारा सैल करा. एसटीत टपावर अजिबात नको. भोपळा फुटला तर दुरुस्ती होते, पण तो नाद परत येईल याची खात्री कुणी देत नाही.