चेंगदूची पांडा सहल: बस किती वाजता सुटते ते आधी विचारा

चीनमधल्या सिच्वान प्रांताच्या गाईडेड सहलीचं माहितीपत्रक हातात आलं की किंमत नंतर बघा. पांडा केंद्रासाठी हॉटेलवरून बस किती वाजता सुटते, ती ओळ आधी शोधा. तिथल्या चेंगदू शहरातलं पांडा संशोधन केंद्र सकाळी साडेसातला उघडतं. ‘नाश्ता करून साडेनऊला प्रस्थान’ असं लिहिलं असेल तर पांडा दिसतील, पण बहुतेक पाठमोरे, झोपलेले.

पांडाचं पोट मांसाहारी प्राण्याचं आणि खाणं बांबूचं. खाल्लेल्यातलं अंगी लागतं फार थोडं, म्हणून जागेपणी तो खातच असतो आणि उरलेला वेळ लोळून काढतो. सकाळी ताजा बांबू पडला की स्वारी फतकल मारून बसते आणि कांडं पंज्यात धरते. मनगटाचं वाढलेलं हाड इथे अंगठ्याचं काम करतं. मग दातांनी हिरवी साल सोलून बाजूला टाकायची आणि आतला भाग कडाकडा चावायचा, थेट आपल्याकडे ऊस खातात तसं. दहाच्या सुमारास हा खेळ ओसरतो. पारा 26 अंशांवर गेला की पांडांना एसी खोल्यांत ठेवतात आणि पाहणं काचेतून होतं, तेही गर्दीत. जुलै-ऑगस्टची सहल स्वस्त मिळाली तरी हे लक्षात ठेवा. मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबरचा उत्तरार्ध चांगला. 1 ऑक्टोबरपासूनचा चीनमधला सुट्टीचा आठवडा मात्र टाळाच.

2020 साली जन्मलेली हुआहुआ ही इथली सुपरस्टार. तिची रांग वेगळी आणि लांबलचक. शेवटी दर्शन काही मिनिटांचं. अनुभवी गाईड आधी बाकीची आवारं दाखवतो, कारण या रांगेत सकाळ गेली की इतर पांडा झोपी जातात. तिकीट पासपोर्ट क्रमांकावर निघतं. गटाच्या यादीत एक आकडा चुकला की अख्खी बस गेटवर खोळंबते, तेव्हा क्रमांक आदल्या रात्री स्वतः तपासा. ‘पांडाला कुशीत घेऊन फोटो’ असं आमिष कोणी दाखवत असेल तर तिथेच नाव काटा. तो प्रकार कधीच बंद झालाय.

संस्कृतीच्या भागात लेशानचा बुद्ध हवाच. डोंगरात कोरलेली 71 मीटर उंच मूर्ती, काम सुरू झालं 713 साली आणि संपलं 803 साली. केसांच्या कुरळ्यांमागे आणि अंगावरच्या वस्त्राच्या चुण्यांत पाणी निचरायच्या पन्हळी लपवल्यात, हे गाईडने बोट दाखवल्याशिवाय लक्षात येत नाही. पायऱ्यांनी उतरायचं की होडीतून बघायचं, हे बुकिंगच्या वेळीच विचारा. होडीतून मूर्ती पूर्ण दिसते, पण होडी थोडा वेळच थांबते. अरुंद पायऱ्यांवर गर्दीच्या दिवशी तासन्‌तास जातात. गुडघे कुरकुरत असतील तर होडीच बरी. क्षणात मुखवटे बदलण्याचा बिआनलिएन खेळ बहुतेक सहलींत असतो; खुर्ची पुढची मिळाली तर मजा, मागून नुसते रंग पालटताना दिसतात. रेशीम, चहा, जेड यांच्या ‘कारखानाभेटी’ किती आहेत ते मोजा. दोनपेक्षा जास्त असतील तर सहलीची स्वस्ताई तिथूनच वसूल होतेय.

जेवणाचं नीट ठरवून घ्या. तिथल्या मिऱ्याने जीभ झिणझिणते तेव्हा कोकणी माणसाला तिरफळं आठवतील. ती त्याची सख्खी भावंडंच. शाकाहाऱ्यांची गोची वेगळी. मापो टोफूत खिमा असतो आणि तिखट हॉटपॉटचा रस्सा बहुधा गोमांसाच्या चरबीत केलेला. नुसतं ‘नो मीट’ म्हणून चरबी टळत नाही. ‘मांस, मासे, प्राण्यांची चरबी, मांसाचा रस्सा नको’ असं चिनी लिपीत गाईडकडून लिहून घ्या आणि चिठ्ठी खिशात ठेवा. निर्धास्त जेवायचं तर चेंगदूच्या वेन्शू मठातलं शाकाहारी उपाहारगृह.

अलीपे या चिनी पेमेंट अ‍ॅपमध्ये आपलं कार्ड घरूनच जोडून ठेवा. व्हॉट्सअॅप हॉटेलच्या वायफायवर चालत नाही; भारतीय सिमचं रोमिंग घेतलं तर चालतं.