डायमंड एटीआर: पेक्टिनच्या कामाला कितपत पुरतं?

पेक्टिनमधल्या (फळांतला, जॅम घट्ट करणारा पदार्थ) आम्लगटांपैकी किती टक्के मिथाइल एस्टरच्या रूपात आहेत, म्हणजे डीई, झटपट बघायची तर एफटीआयआरवर (अवरक्त किरणांचं शोषण मोजणारं यंत्र) बसणारं एकपरावर्ती डायमंड एटीआर (नमुना हिऱ्याच्या स्फटिकावर दाबून, स्फटिकात एकदाच परावर्तित होणाऱ्या किरणाने मोजणारी जोडणी) घ्यावं. चिमूटभर भुकटी, वरून स्क्रूचा दाब, रिझोल्यूशन ४ प्रति सेंमी, ३२ स्कॅन. मिनिटभरात स्पेक्ट्रम हातात. पोटॅशियम ब्रोमाइडची चकती दाबण्याचा व्याप टळतो. शिवाय ते मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि इथे नेमकं पाणीच नडतं. झिंक सेलेनाइडचा स्फटिक स्वस्त पडतो, पण खरखरीत भुकटीने ओरखडतो आणि आम्लाने खराब होतो.

हिशेब दोन पट्ट्यांवर चालतो: एस्टरचा कार्बोनिल (C=O बंध) १७४० प्रति सेंमीच्या आसपास, कार्बोक्झिलेट (एस्टर नसलेल्या आम्लगटांचं क्षाररूप) १६०० ते १६३०. पहिल्याचं क्षेत्रफळ भागिले दोघांची बेरीज. पाण्याचा पट्टा १६४०ला, त्यामुळे नमुना दमट असला की डीई कमी दिसते. आम्लाने काढलेल्या पेक्टिनमध्ये उलटं होतं: मुक्त आम्लगटांचा कार्बोनिल १७४०च्या पट्ट्यातच भर घालतो आणि डीई फुगते. म्हणून आधी थंड द्रावणाचा पीएच ६च्या आसपास आणायचा (अल्कली जास्त झाली तर एस्टरच तुटतात), अल्कोहोलने अवक्षेप पाडून धुवायचा, नीट वाळवून बारीक दळायचा. या तयारीला फाटा दिला तर महागडं एटीआरही काही वाचवत नाही.

१५५०ला उंचवटा दिसला तर प्रथिनं उरली आहेत असं समजा. त्यांचा १६५०चा पट्टा हिशेब बिघडवतो. बीटच्या पेक्टिनमधले अ‍ॅसिटाइल गटही १७४०ला येतात. अमिडेटेड (काही गट अमाइडमध्ये बदललेल्या) पेक्टिनला तर हे सूत्र लावूच नये.

आता तक्रारी. किरण नमुन्यात जेमतेम एक-दोन मायक्रॉन शिरतात, तेही तरंगलांबीनुसार कमी-जास्त. भुकटी जाड असेल तर स्पर्श अपुरा आणि पट्टे फिके. चकतीवरचं कॅलिब्रेशन इथे चालत नाही. टायट्रेशनने (मोजून अल्कली घालून) डीई ठरवलेले नमुने याच जोडणीवर घेऊन नवी रेषा काढावी लागते. डायमंडचं स्वतःचं शोषण २००० ते २३००च्या पट्ट्यात येतं, पेक्टिनला त्याचा त्रास नाही.

साफसफाईत मात्र जपावं. थेट अल्कोहोलने पुसलं तर उरलेलं पेक्टिन तिथेच थिजून पातळ थर धरतं. आधी कोमट पाण्याचा बोळा, मग आयसोप्रोपॅनॉल. रिकाम्या स्फटिकाच्या स्कॅनमध्ये १०००–११००ला काही डोकावलं, तर पुन्हा पाण्यापासून सुरुवात.