आईच्या पाटल्या मोडताना : गिरगावातील एका पेढीचा अनुभव

भारतात २००० साली हॉलमार्किंग सुरू झाले, त्याच्या पुष्कळ आधी घडवलेल्या आईच्या पाटल्यांवर शुद्धतेचा शिक्का नव्हता. तेवढ्याच कारणावरून दादरच्या एका दुकानाने त्या काट्यावर ठेवताच सरसकट २० टक्के घट सांगितली. ४२.३५० ग्रॅमच्या दागिन्यात ३३.८८० ग्रॅमच सोने आहे, हे न तपासता मान्य करायला मन तयार होईना, म्हणून मी गिरगावातील या पेढीत गेले.

येथे प्रथम एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी धातूची शुद्धता मोजणाऱ्या, यंत्रावर तपासणी झाली. मात्र हे यंत्र मुख्यतः पृष्ठभाग वाचते, आतली भेसळ आणि डाकाचा (सांधे जोडताना वापरलेल्या धातूचा) परिणाम नीट कळण्यासाठी आटणी करावी लागेल, असे समजावून त्यांनी माझी लेखी संमती घेतली. पाटल्या माझ्यासमोर मुशीत वितळवल्या. वितळलेल्या सोन्याची लगड (घट्ट झालेला तुकडा) ४१.९२० ग्रॅम भरली आणि शुद्धता ८८.४ टक्के निघाली. बावीस कॅरेट म्हणजे ९१.६ टक्के, त्यामुळे थोडे वाईट वाटले. तरीही शुद्ध सोने ३७.०५७ ग्रॅम ठरले, म्हणजे पहिल्या दुकानाच्या हिशेबापेक्षा तीन ग्रॅमहून अधिक. त्या दिवशीच्या चोवीस कॅरेटच्या भावातून केलेली २ टक्के कपात मला जास्त वाटली, परंतु ती आटणीपूर्वीच स्पष्ट सांगितली होती. रक्कम थेट बँक खात्यात जमा झाली.

दीड तास उभे राहावे लागले, बसण्याची सोय हवी. आटणीनंतर मात्र दागिना नव्हे, लगडच हाती येते, हे घरातल्या सर्वांशी आधी बोलून घ्यावे.